ताईच्या गाडीचा नंबर

ताईच्या गाडीला नंबर होता. कागदावर होता, गाडीवर नव्हता. त्या उन्हाळ्यात आमच्या घरात एवढी एकच बातमी होती आणि ती रोज तशीच असायची.

पाटीवरचा नंबर म्हणत नाही मी. तो मागे-पुढे दोन्हीकडे ठळक होता. पण पाटीचं काय, स्क्रू काढले की निघते. खरा नंबर कंपनी गाडीच्या सांगाड्यावर, लोखंडातच ठोकून ठेवते. त्याला चेसिस नंबर म्हणतात. इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची ती लांबलचक माळ असते आणि एका गाडीची दुसरीला नसते. गाडी एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची तर आधी ही माळ कागदाशी जुळवून दाखवावी लागते. आमच्याकडे कागद होता, गाडीही होती, जुळवायला माळ तेवढी नव्हती.

ताई माझ्याहून मोठी. लहानपणी पोलिओनं तिचा डावा पाय गेला; गेला म्हणजे आहे, पण कामाचा नाही. मोताळ्याच्या बाजारपेठेत तिचं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज ती असे शिवते की आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया लग्नाची तारीख काढताना आधी तिला विचारतात आणि मग भटजीला. तिला सकाळी दुकानात सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं, हे काम मला मोटारसायकल यायला लागली तेव्हापासून माझ्याकडे. मी आजारी पडलो की दुकानाला कुलूप. मी परगावी गेलो की कुलूप. माझ्या लग्नात दुकान बंद राहिलं, ते तिच्या गिऱ्हाइकांनी माझ्या बायकोला अजून माफ केलेलं नाही.

एक दिवस जेवताना ताई म्हणाली, "मी गाडी घेऊन राह्यली."

दादा आमच्यात सगळ्यांत मोठा. घरात काहीही यायचं झालं तर ते त्याला आधी माहीत असायला लागतं. तो म्हणाला, "काऊन व? घरात हाय ना गाडी."

"ती याची हाय," माझ्याकडे बोट दाखवून ताई म्हणाली. "गाडी याची, पेट्रोल याचं, टाइमबी याचाच. मी फक्त मागचं वजन."

मला हे लागलं. मी तिला कधी वजन म्हटलं नव्हतं. पण ती म्हणते त्यात खोटं काय, तेही मला सांगता येईना, म्हणून मी भाकरी मोडत राहिलो.

गाडी चिखलीपलीकडच्या उंद्री गावातली होती. बिनगिअरची जुनी स्कूटर, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जास्तीचं चाक बसवलेलं, म्हणजे थांबताना पाय टेकावा लागत नाही. तिच्या मालकाचाही एक पाय अधू होता. आठवडी बाजारांत ते मसाल्याचं दुकान लावायचे आणि याच गाडीवर गावोगाव फिरायचे. आदल्या वर्षी ते वारले. गाडी विकायची असल्याचं ताईच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं, सोबत एक अटही सांगितली. त्यांच्या बायकोनं, ज्यांना आम्ही पुढे मावशी म्हणू लागलो त्यांनी, आलेली गिऱ्हाइकं परत पाठवली होती. ते सगळे जास्तीची चाकं काढून गाडी चालवणारे होते. मावशींचं म्हणणं, दोन पायांच्या माणसाला ही गाडी द्यायची नाही.

आम्ही गेलो तेव्हा मावशींनी ताईच्या तोंडाकडे नंतर पाहिलं, आधी पायाकडे पाहिलं. पायातला पट्ट्यांचा बूट, त्याच्या लोखंडी काड्या, सगळं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "बस व बाई. चहा मांडते." पायामुळे ताईला काही मिळाल्याचा आमच्या माहितीतला हा पहिलाच प्रसंग.

गाडी चांगली होती. डिक्कीला धन्या-जिऱ्याचा वास येत होता. पेट्रोल बघायला मी सीट उचललं तर खाली, सांगाड्याच्या सपाट पट्टीवर, शेंदूर. तळहाताएवढा, चांगला जाड, वर्षानुवर्षांच्या तेलानं तुळतुळीत झालेला, आणि त्यात बसवलेले दोन चांदीचे डोळे. मी चमकलोच. मग हात जोडले. ताईनंही जोडले. कुणी पारावर देव बसवतं, कुणी शेताच्या बांधावर, यांनी सीटखाली बसवला असेल. आम्ही सीट हळू बंद केलं आणि गाडी घेऊन आलो.

पंधरवड्यात ताई गाडी शिकली. शिकली म्हणजे गल्लीतल्या कोंबड्यांनी रस्ता बदलला. गाडी नावावर झाल्याशिवाय दुकानाला न्यायची नाही असं मात्र तिनं स्वतःच ठरवलेलं. म्हणून बुलढाण्याच्या एका एजंटाकडे मी कागद नेले. त्यानं कागद चाळले आणि म्हणाला, "सगळं बरोबर हाय. फक्त चेसिसचा छाप आना." छाप म्हणजे, लोखंडातल्या नंबरावर कागद धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची, पोरं नाण्याचा काढतात तसा. "पाच मिनिटाचं काम हाय," तो म्हणाला.

मी घरी येऊन गाडीखाली शिरलो. खाली काळी माती होती. मालक ज्या ज्या बाजाराला गेले त्या त्या बाजाराची असावी. ती मी खरवडली, धुतली, बॅटरी मारून पाहिलं. नंबर नव्हता. गल्लीतला एक जण म्हणाला, हँडलच्या खाली असतो. दुसरा म्हणाला, पायाच्या रबराखाली असतो. तिसऱ्यानं स्वतःच्या गाडीवर दाखवला आणि वर म्हणाला, "हे पाह्य, असा असते," जणू नंबर कसा दिसतो यावरच आमचं घोडं अडलं होतं. सीटखालीही आम्ही पाहिलं. बऱ्याचदा पाहिलं. प्रत्येक वेळी देवाला हात जोडायचे, डावीकडे पाहायचं, उजवीकडे पाहायचं, आणि सीट बंद करायचं.

शेवटी गाडी मिस्त्रींकडे टाकली. आमच्या गावातले हे मुसलमान मिस्त्री माझ्या वडलांच्या वेळेपासून आमच्या गाड्या बघतात. त्यांनी गाडीचे सगळे पत्रे उतरवले, सांगाडा डिझेलनं धुतला, तारेच्या ब्रशनं रंग काढला. मी संध्याकाळी गेलो तर गाडी उघडीवाघडी उभी आणि सीटखालच्या देवावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, सुतळीनं, घट्ट.

"हे काय?" मी विचारलं.

"देव हाय ना तुमचा," मिस्त्री म्हणाले. "डिझेलचे छिटे उडतात. आपल्या हातून बेअदबी नको व्हाले."

मला भरून आलं. बाकी सगळ्या गाडीचा रंग गेला होता, एवढी जागा तेवढी त्यांनी जपली होती. मी त्यांचे मनापासून आभार मानले. ते म्हणाले, "नंबर मात्र मिळाला नाई साहेब. जिथं जिथं लोखंड हाय तिथं तिथं मी पाह्यलं."

उघड्या सांगाड्याची गाडी पाहायला एजंट स्वतः मोताळ्याला आला, त्याचं इकडे दुसरं काम होतं. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, सीटखाली डोकावला, छातीला हात लावून नमस्कार केला, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "नंबर घासलेला दिसते. असं चोरीच्या गाडीचं असते."

हळू आवाजात बोललेलं आमच्या दादाला सगळ्यांत आधी ऐकू जातं. त्या दिवशी ताटं वाढली, पण जेवणं झाली नाहीत. दादाचं म्हणणं सरळ होतं: गाडी चोरीची, ती परत करायची, विषय संपला. "उद्या पोलिसानं धरलं त पळता तरी येईन का तुले?" तो ताईला म्हणाला.

"गाडीवर असल्यावर मले पळाचं काय काम?" ताई म्हणाली.

मला हसू आलं, पण दादाचा रागही आला. पायावरून बोलायचं नाही हा आमच्या घरातला न बोललेला नियम आहे आणि तो मोडायचा हक्क फक्त ताईला आहे. भांडण मिटावं म्हणून मी एक तोडगा काढला. म्हटलं, गाडी जुन्या मालकांच्याच नावावर राहू दे, कागद तर आहेत, कोण विचारतंय, निम्म्या गावाच्या गाड्या दुसऱ्याच्या नावावर आहेत.

ताईनं ताट बाजूला सरकवलं. "रेशनकार्डात मी दादाच्या खाली," ती म्हणाली. "दुकानाचा गाळा तुह्या नावावर. मशीन घेतली तवा आईच्या नावानं घेतली. फोनचं सिम बी तुहंच. मले एक वस्तू माह्या नावाची पाह्यजे. एकच. ती बी नाई भेटली त नको मले गाडी."

ती ओरडली नाही. सुईत दोरा ओवताना बोलते त्याच आवाजात बोलली. आईनं नळ बंद केला. मी तो तोडगा पुन्हा काढला नाही.

मग ठरलं. ठरलं म्हणजे दादानं ठरवलं, की गाडी उंद्रीला परत न्यायची. पत्रे बसवून, टेम्पोत घालून आम्ही निघालो. दादा आणि ताई पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागे गाडी धरून. राजूर घाटाच्या वळणांवर गाडी माझ्या अंगावर यायची आणि मी तिला परत ढकलायचो. बुलढाणा गेलं, चिखली गेली. काचेतून मला ताईच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती. ती एकदाही हलली नाही. दादा तिला काहीतरी सांगत होता, बहुतेक नव्या गाडीचं. तो असाच आहे, आधी पाडतो आणि मग हात देतो.

टेम्पो दारात पाहून मावशी बाहेर आल्या. गाडी बघितली, आमची तोंडं बघितली. "काऊन? चालत नाई का?"

दादानं पुढे होऊन सांगायला सुरुवात केली. चोरी हा शब्द त्याच्या तोंडाशी आला होता, पण समोर मावशींचं मोकळं कपाळ पाहिल्यावर त्याला तो काढता येईना. शेवटी मीच सांगितलं. मावशी, गाडी चांगली आहे, पण तिचा नंबर सापडत नाही, आणि नंबर नाही तर ती ताईच्या नावावर होत नाही.

"नंबर त पाटीवर हाय."

"तो नाही. कंपनी आत लोखंडात कोरते तो."

मावशी पुढे आल्या. मग टेम्पोच्या फाळक्याला धरून म्हणाल्या, "उतरवा खाली." गाडी उतरवली. त्यांनी सीट उचललं, देवाला हात जोडले आणि म्हणाल्या, "हा काय, इथीच त हाय. याच्या खाली."

आम्ही तिघांनी देवाकडे पाहिलं. देवानं आमच्याकडे पाहिलं.

"पहिल्या दसऱ्याले मी पूजेचं ताट घेऊन आली," मावशी सांगू लागल्या. "म्हनलं, गाडीले कुंकू कोठी लावू? लोकं लाइटले लावतात. त हे म्हने, लाइटले नको लावू, लाइट सगळ्याच गाड्यायचे सारखे. कंपनीनं इथी नंबर कोरला हाय, तो ह्या एकाच गाडीचा, दुसऱ्या कोनाचा नाई. पूजा करायची त त्याची कर. मंग मी कुंकू काय लावायचं, शेंदूरच लावला. दर अमोशाले तेल. डोये त्यायनंच आनले जत्रेतून. म्हने, पाहू दे त्याले बी रस्ता."

काखेत कळसा म्हणतात तो हा. फरक इतकाच की आम्ही कळशाला रोज नमस्कार करून गावाला वळसा घालत होतो. मी, ताई, एजंट, सगळ्यांनी त्या नंबराला हात जोडले होते. मिस्त्रींनी तर त्याला पिशवी बांधली होती.

आता तो शेंदूर काढायचा कोणी? दादानं टेम्पोवाल्याकडून स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, सीटपाशी गेला, वाकला, आणि सरळ झाला. स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडे दिला. मी तो टेम्पोवाल्याकडे दिला. टेम्पोवाला म्हणाला, "मी नाई बाप्पा, मले अजून परत जायचं हाय." दादानं तोवर चपला काढल्या होत्या आणि भर रस्त्यात, उन्हात, अनवाणी उभा होता.

"हातियार नाई लावाचं त्याले," मावशी म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी वाटीत तेल कोमट केलं, नारळ आणला. नारळ दादानं फोडला, त्याला काहीतरी करायचंच होतं. मावशींनी शेंदराच्या कडेकडेनं तेल सोडलं आणि म्हणाल्या, आता थांबा. आम्ही ओट्यावर बसून चहा घेतला. ताईनं कप हातात तसाच धरून ठेवला. तिची नजर गाडीवरून हटत नव्हती. मला तिची भीती कळत होती: खाली खरंच काही नसलं तर? किंवा घासलेलं असलं तर? मलाही तीच भीती होती, आणि मी मनातल्या मनात त्याच देवाला नवस बोललो, जो आम्ही काढायला बसलो होतो.

मावशींनी नखांनी कडा उचलल्या. मूर्तीवरची शेंदराची खोळ सुटते तशी ती सबंध सुटली, डोळ्यांसकट. खाली लोखंड होतं, तेलानं टिकून राहिलेलं, गंजाचा ठिपका नाही. आणि त्यावर अक्षरं आणि आकडे, आजच ठोकल्यासारखे.

मी कागद काढला आणि मोठ्यानं वाचू लागलो. ताई गाडीला धरून वाकली आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत गेली. "हाय," ती म्हणायची. पुढचं. "हाय." शेवटच्या आकड्याला तिचा आवाज फुटला आणि ती ओट्यावर जाऊन बसली, पदर डोळ्यांना लावून. दादानं चपला घातल्या. "मी म्हनतच होतो," तो टेम्पोवाल्याला म्हणाला, "कागद एकदम बरोबर हाय."

मी खिशातून कोरा कागद आणि पेन्सिल काढली. ताईनं दोन्ही माझ्या हातातून घेतली. नंबरावर कागद धरून ती सावकाश पेन्सिल घासायला लागली, ब्लाउजच्या गळ्याला खडू फिरवते तसा हलका हात. काळ्यातून पांढरी अक्षरं वर यायला लागली.

मावशी शेजारी उभ्या होत्या. खोळ त्यांच्या हातात होती. ती त्यांनी उलटी करून पाहिली तेव्हा मलाही दिसलं: आतल्या अंगाला, शेंदरात, सगळा नंबर उमटला होता, उजवीकडून डावीकडे.

"एवढा लांब हाय?" त्या म्हणाल्या. "मले वाटे, दोन-तीन आकडे असतीन."

"लांबच असते मावशी," ताई म्हणाली.

"आता याच्यावर तुह्यं नाव लागन?"

"हाव."

मावशींनी खोळ पुन्हा सुलटी केली. मग त्यांनी विचारलं, "मंग त्यायचं निंघन?"

ताईची पेन्सिल थांबली. मला वाटलं, ती आता काहीतरी गोड सांगेल; कापड कमी पडलं तरी ती गिऱ्हाइकाला कधी तोंडावर सांगत नाही. तिनं मान वर केली आणि मावशींकडे पाहिलं.

"निंघन, मावशी."

मावशींनी मान हलवली. खोळ पदरात घेतली, डोळे वर येतील अशी, आणि पदराचं टोक कमरेला खोचलं.

"निंघू दे," त्या म्हणाल्या. "उलटा का होयना, माह्यापाशी हाय."

मग त्या कप उचलून आत गेल्या, आणि ताईनं राहिलेले आकडे छापले.